चोकची दांडी आणि तासाभराची मजुरी

सोलापूरला थंडी पडते असे पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना सांगितले की ते हसतात. त्यांचेही चूक नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथले डांबर चपलेला चिकटते आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. पण संक्रांतीच्या आगेमागे, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात त्या दिवसांत, पहाटे खरोखरच अंग काकडते. कपाटातली सोलापुरी चादर एकीवर एक अशा दोन घ्याव्या लागतात. आमच्या गावात मोटारसायकलच्या चोकला काम पडते ते या पंधरा-वीस दिवसांपुरतेच. उरलेले साडेअकरा महिने ती बोटभर दांडी कार्बोरेटरच्या कुशीला नुसती पडून असते.

यंदाच्या जानेवारीत तिने हलायचेच नाकारले.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९७४ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट. अण्णा गिरणीत विव्हिंग मास्तर होते आणि आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी केलेली चैन म्हणजे ही एवढी गाडी. ती चालू करायचा एक विधी आहे. डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून हलकेच किक फिरवायची, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आला की लिव्हर सोडायचा आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच किक. त्या सकाळी सगळा विधी यथासांग केला. दहा-बारा किका झाल्या. गाडी नुसती खोकली. गुडघ्याने निषेध नोंदवला. शेवटी खाली वाकून पाहिले, तर चोकची दांडी अर्ध्यावर अडकलेली. वर जाईना आणि खालीही येईना.

ज्यांच्या घरी बुलेट नव्हती त्यांच्या घरी बहुधा बजाजची स्कूटर होती. म्हणजे चोक हा शब्द घरातल्या बायकामुलांनाही पाठ. सकाळी बाबा ऑफिसला निघत. स्कूटर सुरू होत नसे. मग ती एका अंगावर तिरकी केली जाई, चोक ओढला जाई आणि दारात उभी असलेली आई हातातला डबा सावरत म्हणे, "चोक बंद करायला विसरू नका हं." बजाजने २००९-१० मध्ये पेट्रोलवरच्या स्कूटर बनवणे बंद केले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. आता इंजिन किती थंड आहे ते एक सेन्सर मोजतो आणि पेट्रोल किती जास्त सोडायचे ते छोटा संगणक ठरवतो. त्यामुळे विशीतल्या मुलामुलींना हा काय प्रकार आहे, हे सांगावे लागते.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. इंजिन तापलेले असते तेव्हा वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरते. थंड इंजिनात मात्र पेट्रोलचे तुषार गार धातूला चिकटून बसतात, वाफ थोडीच होते, आणि ठिणगी पडली तरी पेटायला काही नसते. म्हणून सुरुवातीला पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. जुन्या तऱ्हेत हवेची वाट अडवून हे करत. चोक म्हणजे गळा आवळणे, नाव तिथून आले. माझ्या गाडीला आज जो मिककार्ब कार्बोरेटर आहे, त्यात गळा कोणी आवळत नाही. दांडी उचलली की पितळेचा एक छोटा प्लंजर वर सरकतो आणि जादा पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट उघडते. ही वाट काम करते ती थ्रॉटल बंद असतानाच. चोक देऊन वर हाताने ॲक्सिलरेटर पिळणारे लोक मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. ते एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात.

दांडी अर्ध्यावर अडकणे ही म्हणूनच क्षुल्लक गोष्ट नाही. ती वाट कायम थोडी उघडी राहते. गाडी पेट्रोल जास्त पिते, प्लग काळा पडतो, मागून धूर येतो. सगळ्यांत वाईट म्हणजे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकते आणि पिस्टन कोरडाच घासत राहतो. बोटभर दांडीपायी बोअरचे काम निघू शकते.

पहिला मोह होतो तो पकडीचा. तो मी एकदा अनुभवला आहे. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षीची, म्हणजे १९९३ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा बँकेच्या ग्रामीण शाखेत होतो आणि मंगळवेढ्याकडे वसुलीला निघायचे होते. उशीर झालेला. चोक अडकला. मी पकड आणली, दांडी धरली आणि रट्टा दिला. कार्बोरेटरची कुडी जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. ती वाकत नाही, तुटते. दांडी जिथे बसते तो कान तुटून माझ्या हातात आला. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "धागा तुटला तर मागावरचं पोरगंसुद्धा माग थांबवतं. तू थांबला नाहीस." मग पुन्हा पेपर वाचायला लागले. त्या महिन्यात पगारातले पैसे नव्या कार्बोरेटरमध्ये गेले. आज अडकला तो हाच दुसरा. तो तुकडा अण्णांनी खिळ्यांच्या डब्यात ठेवला होता, अजूनही आहे.

तेव्हा यंदा पकडीला हात न लावता गाडी ढकलत जवळच्या गॅरेजवर नेली. तिथला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, चुणचुणीत. त्याने दांडीला एकदा बोट लावले आणि निकाल दिला.

"काका, कार्बोरेटर नवीन टाकू. अडीच हजारांत बसवून देतो."

"अरे, नुसती दांडी अडकली आहे."

"मग चोकच काढून टाकतो की. बोल्ट मारून भोक बंद. सोलापुरात चोक लागतोय कुणाला?"

त्याचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते, हे मला जास्त झोंबले. वर्षातले पंधरा दिवस लागणाऱ्या वस्तूचे लाड किती करायचे? पण ती वस्तू अडकली याचे कारणच ते होते. बँकेत ज्या खात्यात दोन वर्षे काही व्यवहार होत नाही ते निष्क्रिय ठरते. बंद झालेले नसते, पैसेही असतात, पण पुन्हा चालू करायला सह्या-कागदांचा खटाटोप करावा लागतो. चोकचे तसेच झाले होते. साडेअकरा महिने प्लंजर जागचा हलला नव्हता. इथली धूळ, उन्हाळ्यात उडून गेलेल्या पेट्रोलचा मागे राहिलेला चिकट थर, यांनी त्याला जागीच बसवून टाकले होते. महिन्यातून एकदा मी ती दांडी वरखाली केली असती, तर ही वेळ आली नसती. आळस माझा, आणि बोल्ट चोकला, हे काही पटेना.

गाडी परत ढकलली आणि अक्कलकोट रोडच्या बाजूला एका ओळखीच्या मेस्त्रींकडे नेली. ऐंशीला टेकलेले गृहस्थ. गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर घराच्या पुढच्या पत्र्याखाली त्यांनी गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली. एका काळी या गावात असे शेकड्याने हात होते. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या, आणि त्यांच्या यंत्रांनी या गावाला एक सवय लावली: बिघडलेले यंत्र उघडून बघायचे. सुटा भाग विलायतेहून यायला महिने लागत. तोवर माग बंद ठेवणे परवडणार कोणाला? गिरण्या बंद झाल्या, पण ते हात गल्लीबोळांत पसरले. आता तेही म्हातारे झाले आहेत.

मी उत्साहाने दांडी हलवून दाखवू लागलो, तसे ते ओरडले, "जोर कशाला लावलालाव साहेब? बसा तिकडं."

मी बसलो. त्यांनी आधी पाना उचललाच नाही. पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल एका डबीत काढले, आणि त्या डबीत बराच वेळ बघत राहिले. मग विचारले, गाडी किती दिवस उभी होती? मी सांगितले, दिवाळीपासून. त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. तळाशी पांढरट भुकटी होती.

"हे उसाचं," ते म्हणाले.

मला क्षणभर कळेना. मग उमजले. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, गाडी उभी राहिली की ती ओल जस्ताला लागते आणि असा पांढरा गंज धरतो. आमचा जिल्हा राज्यात सर्वांत जास्त साखर कारखान्यांचा. उजनीच्या पाण्यावर ऊस, उसाचे इथेनॉल, आणि ते फिरून पुन्हा आमच्याच कार्बोरेटरमध्ये. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही २०२५ साली मान्य केले आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाही. पण जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणाऱ्यांनी वाटीतले पेट्रोल आधी काढून ठेवावे, एवढे या डबीने शिकवले.

दांडी ज्या स्क्रूवर फिरते तिथे त्यांनी पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. पूर्वी यात रॉकेल मिसळत, पण रॉकेल आता शहरात मिळेनासेच झाले. मग त्यांनी चहा मागवला. मला वाटले, काम थांबले. खरे तर काम चालू होते, तेल आत मुरत होते. चहा संपल्यावर दांडी बोटाने हलकेच मागेपुढे केली, तशी ती सुटली. पण आतला प्लंजर हलेना. तो ज्या नटाखाली बसतो तो नट त्यांनी काढला, तरी प्लंजर जागीच. इथे मी असतो तर नक्की पकडीकडे वळलो असतो. त्यांनी घरातून उकळत्या पाण्याचे पातेले मागवले, फडके बुडवून पिळले आणि कार्बोरेटरभोवती गुंडाळले. ज्योत लावायचा प्रश्नच नव्हता, पेट्रोलचे काम. तीन-चार वेळा फडके बदलले. जस्ताची कुडी पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणजे भोक प्लंजरपेक्षा किंचित अधिक मोठे होते. हे शास्त्र मला घरी येऊन पुस्तकात बघावे लागले. मेस्त्रींनी ते गिरणीत हातांनी वाचले असणार. चौथ्या फडक्याला प्लंजर स्प्रिंगसकट त्यांच्या तळहातावर आला, तपकिरी चिकटीने माखलेला.

तो त्यांनी पेट्रोलमध्ये भिजवला आणि चिंधीने पुसला. मी पॉलिश पेपर पुढे केला, तर माझ्याकडे असे पाहिले की मी तो मुकाट्याने खिशात घातला. पितळेवर ओरखडा पडला की तिथून पेट्रोल झिरपणार. शेवटचा हात ब्रासोचा, समईला देतो तसा. प्लंजरच्या तळाचे रबर तपासले. कड जरा कडक झाली होती, पण ते म्हणाले, हे वर्ष निघेल. बारीक वाटांमधून सायकलच्या पंपाने हवा मारली. "तार घालू का?" मी विचारले. नाही. तारेने भोक मोठे होते आणि मग माप बिघडते. प्लंजर परत बसवताना तेलही जवळजवळ लावले नाही, कारण तेलाला धूळ चिकटते. दांडी वर केली, टक्‌. खाली केली, टक्‌. पूर्ण खाली बसते ना, हे त्यांनी तीनदा पाहिले. उघडण्यापेक्षा बंद होणे महत्त्वाचे, असे काहीसे पुटपुटले.

दीड तास झाला होता. मी विचारले, "किती झाले?"

"काय सामान लागलंच नाही," ते म्हणाले. "द्या पन्नास."

मला जे म्हणायचे आहे ते या पन्नास रुपयांविषयी आहे. सामान लागले नाही, म्हणून पैसे नाहीत. पहिल्या गॅरेजवर वीस मिनिटांत माझे अडीच हजार गेले असते आणि मी बिल न वाचता दिले असते, कारण हातात एक चकचकीत वस्तू आली असती. त्यातले काही त्या गॅरेजला सुटले असते. इथे दीड तासाचे कसब, पन्नास वर्षांची नजर, आणि माणूस स्वतःच्या तोंडाने पन्नास मागतो. मग तो पहिला मुलगा नवीन टाका म्हणाला तर नवल काय? त्याला जागेचे भाडे आहे, वीज आहे, घर आहे. दुरुस्तीत त्याचा तास जातो, बदलण्यात त्याला पैसा मिळतो. तो लबाड नाही. त्याचा हिशेब आपण गिऱ्हाइकांनी ठरवून दिला आहे. आपण सामानाच्या किमतीवर वाद घालत नाही आणि मजुरीचा आकडा आला की म्हणतो, "एवढ्याशा कामाचे एवढे?" शिलाई मशीन, मिक्सर, छत्री, चप्पल, सगळीकडे हेच. मी स्वतः हे असंख्य वेळा म्हटले आहे.

आणि मी तर टेबलाच्या पलीकडेही बसलो आहे. १९९३ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत गिरणीतून सुटलेल्या कामगारांची मुले, कधी कामगार स्वतःही, बँकेत अर्ज घेऊन येत. एकदा दुरुस्तीच्या गॅरेजसाठी खेळते भांडवल मागायला एक फिटर आला होता. योजनेच्या वयात तो बसत नव्हता, म्हणून साध्या कर्जाचा अर्ज. मी विचारले, स्टॉक किती? तो म्हणाला, स्टॉक नाही साहेब, मी दुरुस्त करतो. आमच्या हिशेबात खेळते भांडवल मालावर मिळे. कपाटात सुटे भाग भरून ठेवणाऱ्याला कर्ज बसत होते, हातात कसब असणाऱ्याला बसत नव्हते. मी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. नियम चुकीचा आहे हे तेव्हा सुचलेही नाही. त्या माणसाचे नाव आज आठवत नाही. त्याचे हात आठवतात, कारण अर्ज पुढे सरकवताना कागदाला तेलाचा डाग पडला होता आणि मी कपाळाला आठी घातली होती.

२०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर एक पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने, या चारही क्षेत्रांत कंपन्यांनी माहितीपुस्तिका आणि सुटे भाग ग्राहकाला मिळू द्यावेत, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण पुस्तिका वाचून प्लंजर बाहेर येत नाही, त्यासाठी कोणाचा तरी दीड तास लागतो. ऑस्ट्रियाने २०२२ साली विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, दोनशे युरोंपर्यंत, सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तेवढे कोणी करणार नाही, आणि आधी करायचे ते आपल्याच हातात आहे. गॅरेजच्या पाटीवर तासाचा दर लिहिलेला असावा आणि तो आपण घासाघीस न करता द्यावा. डॉक्टर गोळी न देता "काही नाही, दोन दिवस विश्रांती घ्या" म्हणाले तरी आपण फी देतोच की.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, एवढा त्रास कशाला? पन्नास वर्षं झाली आहेत, व्हिंटेजमध्ये नोंदवून टाका. किंमत येईल." २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला वीस हजार रुपये भरून तसा खास नंबर मिळतो, हे खरे. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे गाडीचाच चोक करून ठेवण्यासारखे झाले. नव्या गाड्या वाईट आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या कमी धूर सोडतात, पहिल्या बटणाला सुरू होतात, आणि सूनबाईच्या स्कूटरला थंडी कळतसुद्धा नाही. अण्णांच्या गाडीवरून मी भाजी आणतो, एवढेच.

मेस्त्रींशी पैशांवरून बराच वेळ हुज्जत झाली. मी चारशे पुढे केले, ते हात मागे घेत राहिले. "गाव काय म्हणेल, म्हाताऱ्यानं लुटलं म्हणेल." शेवटी त्यांच्या सुनेने बाहेर येऊन नोटा घेतल्या आणि सासऱ्यांकडे न बघता आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दांडी वर केली, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आनंदात चोक बंद करायला विसरलो, आणि सात रस्त्यापर्यंत काळा धूर सोडत गेलो.

मागच्या आठवड्यात क्लच जड लागायला लागला, म्हणून मुद्दाम त्या पहिल्या गॅरेजवर गेलो. मुलाने लिव्हर दाबून पाहिला. "केबल नवीन टाकू, काका?"

"आधी काढून, धुऊन, तेल घालून बघ," मी म्हणालो. "नाहीच झालं तर टाकू. तुझ्या तासाचे किती घेशील ते सांग."

तो माझ्याकडे पाहत राहिला. हातातला पाना त्याने एकदा फिरवला, आत बसलेल्या मालकाकडे नजर टाकली आणि म्हणाला, "तासाचे? थांबा, विचारून सांगतो."